७८ सेंट गेले कुठे? घरभाडे भत्त्यावरचा एक गाजलेला पेपर वाचताना

सरकारनं गरजू भाडेकरूंना घरभाड्यासाठी भत्ता दिला, तर तो पैसा शेवटी कोणाच्या खिशात जातो? भाडेकरूच्या की घरमालकाच्या? प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर अर्थशास्त्रात गेली पन्नास वर्षं वाद चालू आहे. या वादात सगळ्यात जास्त वेळा फेकला जाणारा आकडा म्हणजे ७८ सेंट. तो येतो गाब्रिएल फाक यांच्या २००६ साली 'लेबर इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात आलेल्या पेपरमधून. त्यांचा निष्कर्ष असा: फ्रान्समध्ये घरभाडे भत्ता एक युरोनं वाढला, तर नव्या लाभार्थींचं भाडं ७८ सेंटांनी वाढलं. भाडेकरूच्या हातात उरले फक्त २२ सेंट.

हा पेपर मी निवडला कारण तो चांगला आहे. कच्च्या पेपरमधल्या चुका काढून फार काही शिकता येत नाही. चांगल्या पेपरवर टीका करताना मात्र नेमकं कळतं, की पद्धत कुठपर्यंत पोचते आणि कुठे थांबते. माझी एम.एस्सी. सांख्यिकीतली, त्यामुळे माझा कल आकड्यापेक्षा तो निघाला कसा इकडे जास्त असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये घरांसाठीची सरकारी मदत दोन शब्दांत विभागतात: 'दगडाला मदत' आणि 'माणसाला मदत'. दगडाला मदत म्हणजे सरकारनं घरं बांधण्यासाठी पैसा द्यायचा. माणसाला मदत म्हणजे भाडेकरूला थेट भत्ता द्यायचा, घर त्यानं बाजारात शोधायचं. १९७६ साली रेमों बार यांच्या अहवालानं दुसऱ्या मार्गाची बाजू घेतली आणि ३ जानेवारी १९७७ च्या कायद्यानं आजचा मुख्य भत्ता, 'आपेएल', सुरू झाला.

त्याच्या जोडीला जुने भत्तेही होते, पण ते मुख्यतः मुलं असलेली कुटुंबं, वृद्ध, अपंग अशा ठरावीक गटांना. १९९१ ते १९९३ या काळात ही अट सैल झाली आणि कमी उत्पन्न असलेल्या कोणालाही भत्ता मिळू लागला. सगळ्यात मोठा फायदा झाला विद्यार्थ्यांचा.

फाक यांनी हीच सुधारणा 'नैसर्गिक प्रयोग' म्हणून वापरली. कल्पना अशी: सुधारणेमुळे अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा भत्ता वाढला, त्यांच्यापेक्षा थोडं जास्त कमावणाऱ्यांचा फारसा नाही. इन्से या फ्रेंच सांख्यिकी संस्थेच्या गृहनिर्माण सर्वेक्षणांमधून दोन्ही गटांची सुधारणेआधीची आणि नंतरची भाडी घ्यायची. पहिल्या गटाच्या भाड्यातल्या वाढीतून दुसऱ्या गटाची वाढ वजा करायची. जे उरेल तो भत्त्याचा परिणाम. यालाच आपण 'फरकातला फरक' पद्धत म्हणतो.

आकडा काय सांगतो?

थोडं गणित करू. समजा भाडं ३०० युरो आणि नवा भत्ता १०० युरो. भत्त्यानंतर भाडं होणार ३७८. खिशातून जाणार २७८. म्हणजे सरकारनं १०० खर्च केले आणि कुटुंबाचा भार हलका झाला २२ चा. बाकीचे ७८ घरमालकाकडे.

पाठ्यपुस्तकातला सिद्धांत इथे लागू करून बघा. भत्त्यातला मालकाकडे जाणारा वाटा = मागणीची लवचिकता ÷ (मागणीची + पुरवठ्याची लवचिकता). हा वाटा ०.७८ असेल, तर पुरवठ्याची लवचिकता मागणीच्या साधारण ०.२८ पट निघते (२२ भागिले ७८). म्हणजे घरांचा पुरवठा जवळजवळ ताठ आहे. भाडं वाढलं तरी नवी घरं पटकन उभी राहत नाहीत, म्हणून भाडंच वर जातं. फाक यांचाही रोख याच दिशेनं आहे.

इथपर्यंत सगळं छान जुळतं. आता तीन ठिकाणी बोट ठेवू.

पहिला मुद्दा: तुलनेचा गट स्वच्छ आहे का?

प्रयोगशाळेत काम केलेल्यांना हा मुद्दा लगेच कळेल. कंट्रोलच्या नळीत औषधाचा थेंब पडला, तर तुलना बिघडते. इथे औषध म्हणजे भत्ता आणि कंट्रोल म्हणजे थोडं जास्त कमावणारी कुटुंबं. पण दोन्ही गट एकाच शहरात, कित्येकदा एकाच इमारतीत घर शोधतात. भत्त्यामुळे लहान घरांची मागणी वाढली, तर त्या घरांचं भाडं सगळ्यांसाठीच वाढेल. भत्ता न मिळणारा शेजारीही जास्त भाडं देईल.

मग वजाबाकीत काय होईल? कंट्रोलचीही वाढ वजा होईल आणि परिणाम प्रत्यक्षापेक्षा लहान दिसेल. टोकाचं उदाहरण घ्या. बाजार पूर्ण एकसंध असेल, सगळ्यांचं भाडं सारखंच ५० युरोनं वाढलं, तर 'फरकातला फरक' शून्य येईल. भाडी वाढली, आणि पद्धत सांगते काहीच झालं नाही!

म्हणजे ७८ हा आकडा यायचा असेल, तर दोन्ही गटांचे बाजार बरेचसे वेगळे असायला हवेत. विद्यार्थ्यांच्या एका खोलीच्या घरांचा बाजार आणि कुटुंबांच्या घरांचा बाजार वेगळा असणं शक्य आहे. पण मग निष्कर्षही तेवढ्याच बाजारापुरता ठेवायला हवा. 'भत्त्याचे ७८ टक्के मालक खातात' असं सरसकट वाक्य त्यातून निघत नाही.

दुसरा मुद्दा: आधीची आणि नंतरची माणसं तीच आहेत का?

सर्वेक्षण दर काही वर्षांनी होतं आणि दर वेळी बहुतांश वेगळी घरं निवडली जातात. त्यामुळे एका कुटुंबाचं आधीचं आणि नंतरचं भाडं बघितलं जात नाही, गटाची सरासरी बघितली जाते.

आता विचार करा. भत्ता नव्हता तेव्हा विद्यार्थी आईवडिलांकडे राहत होता किंवा चौघांत एक फ्लॅट घेऊन. (पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) भत्ता आला आणि त्यानं स्वतंत्र छोटं घर घेतलं. कागदावर त्याचं उत्पन्न अगदी कमी, म्हणून तो सगळ्यात खालच्या गटात मोजला जाणार. पण भाडं भरायला घरून पैसे येतात. शिवाय लहान घराचं दर चौरस मीटर भाडं नेहमीच जास्त असतं. अशी माणसं गटात शिरली, की गटाचं सरासरी भाडं वाढतं. घरमालकानं कोणाचंही भाडं एक सेंटनंही वाढवलेलं नसलं तरी!

घराचा आकार, वय, ठिकाण, सोयी यांसाठी दुरुस्ती करता येते आणि फाक यांनी घराच्या नोंदलेल्या वैशिष्ट्यांचा हिशोब धरला आहे. पण सर्वेक्षणाच्या फॉर्मवर घराबद्दलचं सगळं उतरत नाही. कॉलेजपासूनचं अंतर, रंग दिलेल्या भिंती, स्वतंत्र बाथरूम, यातलं किती पकडलं गेलं आणि किती सुटलं, यावर उत्तर अवलंबून आहे.

इथे गंमत बघा. पहिल्या मुद्द्यामुळे परिणाम खऱ्यापेक्षा लहान दिसतो, दुसऱ्यामुळे मोठा. दोन्ही चुका उलट दिशेच्या. एकमेकींना नेमक्या खोडतात असं मानायला काहीच आधार नाही. त्यामुळे '७८ ही खालची मर्यादा आहे' किंवा '७८ म्हणजे अतिशयोक्ती' ही दोन्ही वाक्यं घाईची आहेत. सेमिनारमध्ये पेपरवर बोलताना आपण चुकांची यादी वाचून दाखवतो आणि बसतो. प्रत्येक चुकीसमोर तिची दिशा लिहिण्याची सवय लावून घ्या. अर्धी टीका तिथेच तयार होते.

तिसरा मुद्दा: भत्त्याचं सूत्र

फ्रान्सच्या भत्त्यात भाड्याची कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेपर्यंतचंच भाडं हिशोबात धरतात. आज खासगी घरांत राहणाऱ्या बहुतेक लाभार्थींचं भाडं या मर्यादेच्या वर आहे. याचा अर्थ, त्यांनी दहा युरो जास्त भाड्याचं घर घेतलं तर ते दहाही युरो त्यांच्याच खिशातून जातात. अशा कुटुंबासाठी भत्ता म्हणजे जवळपास रोख रक्कम. रोख शंभर युरो हातात आले, तर माणूस ७८ भाड्यावर कशाला उडवेल? काही किराण्यावर जातील, काही मुलांच्या बुटांवर.

वर आपण लवचिकतेचं जे सूत्र वापरलं, ते भाड्याच्या प्रत्येक जादा युरोवर सरकार वाटा उचलतं तेव्हाचं आहे. मर्यादेच्या वर ते जसंच्या तसं चालत नाही. म्हणून सूत्रातून निघालेला ०.२८ हा आकडाही जपून वापरायचा.

इतर पेपर काय म्हणतात?

इथेच विद्यार्थी गोंधळतात, कारण उत्तरं चारी दिशांना पसरली आहेत.

फिनलंडमध्ये आकी कांगासहार्यू यांनी २०१० साली २००२ च्या सुधारणेवरून ६० ते ७० सेंट असा आकडा काढला, म्हणजे फाक यांच्या जवळचा. पण त्याच देशात एसी एरोला आणि तेएमू ल्यूतिकाइनेन यांच्या २०२१ च्या पेपरात परिणाम जवळपास काहीच नाही. त्यांची युक्ती सुरेख आहे. फिनलंडच्या जुन्या नियमांत भाड्याची मान्य मर्यादा घराच्या क्षेत्रफळानुसार आणि इमारतीच्या वयानुसार पायऱ्यापायऱ्यांनी बदलत असे. म्हणजे पायरीच्या अलीकडचं आणि पलीकडचं घर जवळजवळ सारखंच, पण भत्ता वेगळा. मालक भत्ता खात असेल, तर भाड्यातही पायरी दिसायला हवी. ती दिसली नाही.

हा पेपर वाचून 'चला, फाक चुकल्या' असं म्हणाल, तर पहिला मुद्दा पुन्हा वाचा. पायरीच्या दोन्ही बाजूंची घरं एकाच बाजारात आहेत. भत्ता न मिळणारे लोकही तीच घरं बघतात. एका बाजूचं भाडं वाढलं तर ते सरळ दुसऱ्या बाजूचं घर घेतील. त्यामुळे भत्त्यानं अख्ख्या शहराची भाडी वर नेली असली, तरी पायरीवर उडी दिसणार नाही. एरोला आणि ल्यूतिकाइनेन यांनी एक गोष्ट पक्की दाखवली: मालक भत्ता बघून घरागणिक भाडं लावत नाही. शहराच्या एकूण पातळीबद्दल पायरी गप्प आहे.

फ्रान्समध्येही सीमेची युक्ती वापरून सेलीन ग्रिस्लँ-लेत्रेमी आणि कोरांतँ त्रेव्हियाँ यांनी २०१४ साली इन्सेसाठी अभ्यास केला. तिथे भत्त्याची मर्यादा भौगोलिक क्षेत्रांनुसार बदलते. क्षेत्रांच्या सीमेवर त्यांना भाडी वाढल्याचं दिसलं, घरांच्या संख्येत किंवा दर्जात मात्र ठळक सुधारणा दिसली नाही. युक्ती सीमेचीच, पण दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वस्त्या आहेत. घर बदलायला गावच बदलावं लागतं. त्यामुळे इथे फरक टिकून राहू शकतो.

ब्रिटनमध्ये तर एकाच देशात, दोन्ही वेळा भत्ता कपातीवरून, उलटी उत्तरं आली. १९९६-९७ च्या कपातीवर स्टीफन गिबन्स आणि ॲलन मॅनिंग यांचा निष्कर्ष: कपातीचा जवळपास दोन तृतीयांश भार मालकांवर पडला. २०११ मध्ये भत्त्याची मर्यादा स्थानिक भाड्यांच्या मध्यकावरून तिसाव्या शतमकावर आणली गेली. त्यावर माइक ब्रुअर आणि सहकाऱ्यांनी सरकारी नोंदींवरून दाखवलं, की सरासरी ९० टक्क्यांच्या आसपास भार भाडेकरूंवरच पडला.

आणि अमेरिका. १९७० च्या दशकात तिथे सरकारनं खराखुरा प्रयोग केला. विस्कॉन्सिनमधला ग्रीन बेचा परिसर आणि इंडियानातला साउथ बेंडचा परिसर, अशा दोन ठिकाणी पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला भत्ता खुला केला. रँड या संस्थेनं वर्षानुवर्षं भाडी मोजली. भाडी जेमतेम हलली. एक कारण म्हणजे बरीच पात्र कुटुंबं आलीच नाहीत, आणि जी आली त्यातली पुष्कळशी आपल्याच घरात राहिली; भत्त्यानं त्यांचा इतर खर्चाचा ताण कमी केला. उलट स्कॉट सुसिन यांनी २००२ साली ९० मोठ्या महानगरांची तुलना करून सांगितलं, की भाडे व्हाउचरमुळे गरिबांची भाडी सरासरी १६ टक्क्यांनी वाढली. त्यांच्या हिशोबानं व्हाउचर मिळालेल्यांना ५.८ अब्ज डॉलरचा आधार मिळाला, तर न मिळालेल्या गरिबांनी ८.२ अब्ज डॉलर जादा भाडं भरलं. हे खरं असेल तर भयंकर आहे, कारण अमेरिकेत पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच मदत मिळते. बाकीचे तिघे शेजाऱ्याच्या भत्त्याची किंमत मोजतात.

ही उत्तरं पाठ करू नका. त्याऐवजी प्रत्येक पेपरसमोर एकच प्रश्न लिहा: इथे तुलना कोणाची कोणाशी आहे? घराची घराशी (एरोला), कुटुंबाची कुटुंबाशी (फाक), वस्तीची वस्तीशी (ग्रिस्लँ-लेत्रेमी), की शहराची शहराशी (सुसिन)? तुलना जितक्या लहान एककांची, तितकी ती नेटकी, पण बाजारभर पसरणारा परिणाम तिच्यातून निसटतो. एकक मोठं केलं तर तो परिणाम सापडतो, पण मग ९० शहरांमध्ये इतर हजार गोष्टी वेगळ्या असतात आणि कार्यकारणभाव ढिला होतो. सगळ्या पेपरांवरची माझी मुख्य टीका हीच आहे: आपल्या एककाला जे दिसत नाही, त्याबद्दलही निष्कर्षाच्या परिच्छेदात ते बोलून जातात.

याचा तिजोरीशी काय संबंध?

संबंध थेट आहे. २०१७ च्या सुमारास फ्रान्स या भत्त्यांवर वर्षाला साधारण १८ अब्ज युरो खर्च करत होता आणि ६० लाखांहून जास्त कुटुंबांना तो मिळत होता. त्या वर्षी ऑक्टोबरपासून सरकारनं प्रत्येक लाभार्थीचा भत्ता महिन्याला ५ युरोनं कापला. हिशोब करा: ५ × १२ × ६० लाख म्हणजे वर्षाला ३६ कोटी युरो. एकूण खर्चाच्या जेमतेम २ टक्के. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी घरमालकांना आवाहन केलं, की तुम्हीही भाडं पाच युरोनं कमी करा.

आवाहनामागचा तर्क ७८ सेंटांचाच आहे: भत्ता मालक खात असतील, तर भत्ता कापल्यावर त्यांनी भाडं उतरवायला हवं. पण फाक यांचा पेपर भत्ता वाढण्याबद्दल आहे. भाडं चढतं त्याच वेगानं उतरतं, असं तो कुठेही दाखवत नाही. चालू करारातलं भाडं मालक आपण होऊन कशाला उतरवेल? ब्रुअर यांचा निष्कर्ष आठवा: कपातीचा भार भाडेकरूंवरच पडला. फ्रेंच सरकारलाही आवाहन पुरेसं वाटलं नसावं, कारण २०१८ पासून सामाजिक गृहसंस्थांच्या घरांमध्ये भाडंच कायद्यानं उतरवायला लावलं. खासगी भाडेकरूचे पाच युरो मात्र गेले ते गेलेच. महिन्याच्या शेवटी पाच युरोही मोजणारं घर असतं, आणि एका पेपरमधला अर्धवट वाचलेला आकडा त्या घरापर्यंत पोचतो.

तिजोरीचा हिशोब भाड्यापाशी संपतही नाही. भत्ता उत्पन्नानुसार कमी होत जातो, म्हणून जास्त कमावण्याची ओढ कमी होऊ शकते. शिकागोत १९९७ साली व्हाउचर सोडतीनं वाटली गेली. त्या सोडतीवरून ब्रायन जेकब आणि जेन्स लुडविग यांनी २०१२ साली दाखवलं, की व्हाउचर वापरणाऱ्यांचं कामात असण्याचं प्रमाण ६ टक्क्यांनी आणि तिमाही कमाई १० टक्क्यांनी घटली. सोडत असल्यामुळे इथे तुलनेचा गट खराखुरा यादृच्छिक आहे. पण एवढं सांगून थांबू नका. कमाई घटली म्हणजे कुटुंबाचं नुकसान झालं असं नाही. दोन नोकऱ्यांतली एक सोडून कोणी मुलांना वेळ दिला असेल. तिजोरीच्या रकान्यात जो तोटा दिसतो, तो घराच्या रकान्यात कदाचित जमेला असतो.

एक गृहपाठ

आपल्याकडे सर्वसाधारण गरिबांसाठी असा भत्ता नाही. पण घरभाडे भत्ता हा शब्द आपल्याला पगारातून आणि फेलोशिपमधून माहीत आहे. शहरांची एक्स, वाय, झेड अशी वर्गवारी असते. २०११ च्या जनगणनेनंतर पुणे आणि अहमदाबाद ही शहरं वायमधून एक्समध्ये गेली, आणि तेव्हाच्या दरांनुसार केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता २० टक्क्यांवरून ३० टक्के झाला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या घरांवरच्या फेऱ्या २०१२ (६९ वी) आणि २०१८ (७६ वी) मध्ये झाल्या. म्हणजे आधीचा आणि नंतरचा डेटा आहे. पुण्याची भाडी यामुळे वाढली का, हे काढता येईल का?

बघताक्षणी प्रोजेक्ट तयार वाटतो. आता वरचे तीन मुद्दे लावा. भत्ता मिळणारे केंद्रीय कर्मचारी पुण्याच्या भाडेकरूंमध्ये किती? त्यातले कित्येक स्वतःच्या घरात राहतात आणि तरीही त्यांना भत्ता मिळतो, मग तो भाडं वाढवेल की नुसता पगारात मिसळेल? सहा वर्षांत हिंजवडीत आणि खराडीत जे बदललं, ते कशातून वजा करणार? आणि शेवटचं: बदल झालेली शहरं फक्त दोन. घरं हजारो असली, तरी प्रयोगाची एककं दोनच आहेत. प्रमाणत्रुटी हजारांवरून काढाल तर परिणाम हमखास 'लक्षणीय' येईल, आणि त्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

माझं उत्तर: हा प्रोजेक्ट करू नये. पण तो का करू नये, हे एका पानात लिहून बघा. संशोधन प्रस्तावासाठी याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.